डाव्या डोळ्यावरची चौकट

आतोबांनी कोऱ्या कागदाच्या मधोमध उभी रेघ मारली आणि कागद माझ्याकडे सरकवला.

"डावीकडे चांगलं लिही, उजवीकडे वाईट. शनिवारी वाचीन. तोंडी काही सांगू नकोस. तोंडी तू मला गुंडाळतेस."

कॅमेरा टेबलावर, रंगांच्या बाटल्यांशेजारी ठेवला होता. बाटल्या मोठ्या दिसत होत्या. आत्या बाहेरच्या खोलीतून डोकावली, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाली, "हा कॅमेरा आहे की साबणाची डबी?"

आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. ते डोळे करतात. अपघातात, आजारात ज्यांचा एक डोळा गेला, त्यांच्यासाठी दुसरा. दोन खोल्यांची जागा आहे. बाहेर एक बाक आणि आत्याची नोंदवही. आत उत्तरेकडे उघडणारी खिडकी, खिडकीखाली आतोबांचं टेबल आणि कोपऱ्यात डोळ्याला झिलई देणारं छोटं यंत्र, दिवसभर घरघरणारं. त्या खोलीत 'खोटा डोळा' म्हणायची बंदी आहे. एक मूळ डोळा, एक केलेला डोळा. आतोबा तिसरा शब्द चालू देत नाहीत.

शर्टाच्या बटणाएवढ्या काळ्या चकतीवर ते बुबुळ रंगवतात. थरावर थर, एका केसाच्या कुंचल्याने. पांढऱ्या भागातल्या शिरांसाठी रेशमाचा लाल धागा उसवून त्याचे तंतू चिकटवतात. हे सगळं दुसऱ्या, शाबूत डोळ्याकडे बघून करायचं असतं. पूर्वी माणूस समोर बसवून करायचे. माणसाची पाठ आणि आतोबांची मान, दोन्ही एकदमच जायच्या. आठ वर्षांपूर्वी मी फोटोग्राफी शिकून आले आणि तेव्हापासून शाबूत डोळ्याचा फोटो मी काढते, आतोबा पडद्यावर तो ताटाएवढा करून समोर ठेवतात आणि रंगवतात. माझ्या फोटोंवर त्यांचा विश्वास आहे, असं ते कधी म्हणाले नाहीत. आत्या म्हणाली होती एकदा, तेही मी लग्न करून दुसऱ्या गल्लीत राहायला गेल्यावर.

मग गुंडी झाली. आता सात महिन्यांची आहे. तिला उचलून उचलून माझ्या उजव्या अंगठ्याखालची शीर अशी धरली, की भरलेला पेला उचलताना डोळ्यांत पाणी यायचं. कामावरचा मोठा कॅमेरा, त्याची लेन्स आणि पुढचा गोल दिवा मिळून गुंडीच्या निम्म्या वजनाचा होतो. आणि गुंडी निदान मान धरून लटकते, तो तेवढंही करत नाही. परत कामावर आले त्या आठवड्यातले सगळे फोटो हलले. तिपाई लाव म्हणाल, तर मोठ्या माणसांना ती चालते. लहान मुलं आणि मान डोलणारे म्हातारे यांच्यामागे कॅमेरा हातातच फिरवावा लागतो.

म्हणून हा छोटा. माझ्याबरोबर शिकलेली मैत्रीण कॅमेऱ्यांच्या दुकानात असते. तिने दहा दिवसांसाठी दिला. जमला तर ठेवायचा. नाही जमला, तर दातांच्या दवाखान्यात फोटो काढणारा एकजण माझ्या जागी यायला तयार होता. त्याचे आत्याकडे दोन फोन येऊन गेले होते.

"माणूस वाईट नाही," आतोबा म्हणाले होते, "पण त्याला सगळं दातासारखं पांढरंच लागतं."

मला ती जागा सोडायची नव्हती. का, ते सांगायचं तर पडद्यावर बुबुळ पहिल्यांदा मोठं होतं तो क्षण सांगावा लागेल. समोर बसलेला माणूस तुमच्या-माझ्यासारखा असतो, कावलेला, घाम पुसणारा. डोळा म्हणावा तर तपकिरी. मग फोटो मोठा करावा आणि त्या तपकिरीत काय काय निघावं. बाहुलीच्या कडेने मधासारखे ठिपके. तिथून बाहेर धावणारे धागे, काही सरळ, काही मध्येच गुंतलेले, जुन्या सतरंजीचा पोत सुटावा तसे. आणि शेवटी सुकलेल्या चहाच्या डागाला असतो तसा गडद काठ. आठ वर्षांत मी दोन सारखे पाहिले नाहीत. एकाच माणसाचे दोनसुद्धा नाहीत. सात महिने घरी गुंडीला पाजताना मी तिच्या डोळ्यांत तासन् तास बघायचे, पण ते तेवढं मोठं करून बघायला मिळत नव्हतं, आणि मला त्याची भूक लागली होती.

तर कागद.

गुंडी दुपारी पाऊण तास झोपते. तेवढ्यात लिहायचे. डावीकडे पहिलं: वजन. लेन्ससकट एका हातात राहतो, अंगठा कुरकुरत नाही. उजवीकडे पहिलं: पकड आखूड आहे, करंगळी अधांतरी राहते. डावीकडे: आवाज नाही. आत आरसाच नाही, त्यामुळे खटॅक नाही, समोरचा दचकत नाही. उजवीकडे: बॅटरी. याला गुंडीपेक्षा जास्त वेळा पाजावं लागतं. डावीकडे: मागचा पडदा बाहेर वळतो, कॅमेरा पोटाशी धरून वरून बघता येतं. उजवीकडे: मेनू म्हणजे पाहुण्यांनी आवरलेलं स्वयंपाकघर. सगळं आहे, काही जागेवर नाही. डावीकडे: लेन्स बदलता येते. जवळची लावा, लांबची लावा, कॅमेरा तोच. हे मी दोनदा अधोरेखित केलं, कारण पैसे घालायचे तर आतोबांना एकात अनेक वस्तू आवडतात.

डावी बाजू लांबत चालली होती. चौथ्या दिवशी शिंपीणबाई आल्या.

त्यांचा डोळा माझ्या पहिल्याच दिवशीच्या फोटोवरून केला होता. आतोबांनी तो बसवला, आरसा हातात दिला आणि नेहमीप्रमाणे खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. माणूस स्वतःला पहिल्यांदा बघतो तेव्हा ते त्याच्याकडे बघत नाहीत.

शिंपीणबाई सुईत दोरा ओवायला चष्मा न लावणाऱ्या. त्यांनी आरसा जवळ घेतला, लांब धरला.

"सुंदर आहे हो. पण हा तीळ कुणाचा?"

"कुठला तीळ?"

"हा. इथं खाली. माझ्या त्या डोळ्यात तर नाही."

आतोबा वळले. केलेल्या बुबुळात खाली उजवीकडे एक बारीक तपकिरी ठिपका होता, नीट रंगवलेला, काठाला किंचित पुसट. त्यांनी फोटो बघितला. फोटोत ठिपका होता. त्यांनी शिंपीणबाईंचा मूळ डोळा बघितला. नव्हता. मी त्यानंतरचे फोटो एकामागून एक उघडले. तिघांच्या डोळ्यांत तोच ठिपका, त्याच जागी.

धूळ होती. पहिल्या दिवशी हौसेने दोन्ही लेन्स लावून बघितल्या होत्या मी, त्या कोपऱ्यातल्या यंत्राशेजारी उभं राहून, जिथे झिलईची भुकटी दिवसभर उडते. मोठ्या कॅमेऱ्यात पुढे आरसा तरी आडवा असतो. याची लेन्स काढली की आतला, फोटो टिपणारा पडदा पिल्लाच्या चोचीसारखा उघडा. एक कण जाऊन बसला आणि आतोबांनी, त्यांच्या नेहमीच्या इमानाने, तो कण रंगवून काढला होता. दोन दिवस खपून.

"राहू द्या हो," शिंपीणबाई म्हणाल्या, "या वयात एखादा तीळ शोभेल मला."

"तुमच्या डोळ्यात जे नाही, ते मी घालणार नाही," आतोबा म्हणाले. डोळा काढून घेतला, कागद पुढे ओढला आणि उजव्या रकान्यात स्वतःच्या हाताने मोठ्या अक्षरांत लिहिलं: धूळ.

त्या दिवशी आत्याने मला चहा दिला आणि बशीत दोन बिस्किटं जास्त ठेवली. आमच्याकडे सांत्वन असंच करतात.

"दातवाल्याला सोमवारी बोलाव म्हणालेत," ती म्हणाली. "नुसतं बघायला."

मी कॅमेरा साफ केला. लेन्स पुन्हा काढली नाही. पण रेघेच्या उजवीकडे तो एक शब्द सगळ्यांत मोठा दिसत होता, आणि राहिला होता फक्त शुक्रवार.

शुक्रवारी फौजदार आली.

फौजदार म्हणजे सहा वर्षांची मुलगी. नाव आतोबांनी ठेवलेलं, कारण ती येते ती उलटतपासणी घ्यायलाच. तिचा डावा डोळा तान्ही असताना आजारात गेला. चेहरा वाढतो, केलेला डोळा वाढत नाही, म्हणून दर दोन वर्षांनी नवा लागतो. मागच्या खेपेला मोठा कॅमेरा बघून तिने डोळे मिटले ते तासभर उघडले नव्हते. शेवटी आतोबांनी तिला समोर बसवून, गोष्टी सांगत सांगत, चार दिवसांत रंगवला होता.

बरोबर तिचे वडील होते, नळदुरुस्तीचं काम करणारे, हातात हत्यारांची पिशवी तशीच. ते बाकावर आत्याजवळ बसले. आत्याच्या मांडीवर गुंडी होती. फौजदार आत आली, खुर्चीत बसली.

"तो मोठा कुठाय?"

"सुट्टीवर आहे."

"हा त्याचा मुलगा?"

"भाचा," मी म्हटलं. "तुला घाबरतो, म्हणून पोटाशी धरलाय."

तिने वाकून बघितलं. कॅमेरा माझ्या कमरेपाशी, मी वरून पडद्यात बघत होते, त्यामुळे तिला माझं तोंड दिसत होतं. मोठ्या कॅमेऱ्यामागे मला तोंड नसायचं. आठ वर्षांत हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

"आमच्या वर्गात एक मुलगा आहे," ती म्हणाली. "तो लगेच ओळखतो कुठला आहे ते. कुणी नवीन आलं की त्याला सांगतो. हा, हा."

"मग तू काय करतेस?"

"मान अशी वळवते," तिने डावा गाल पुढे केला. "हा दाखवते. म्हणजे बघायचं ते बघून होतं एकदाचं."

मी बोलत राहिले आणि फोटो काढत राहिले. आधी दोन्ही डोळ्यांचे एकत्र लागतात, रंगाची जोडी बघायला. आवाज नसल्याने तिला पत्ताच नव्हता. अडतीस फोटो झाले. मी एक उघडला, बुबुळ मोठं केलं आणि जीव भांड्यात पडला. लख्ख होतं. मधाचे ठिपके, धागे, गडद काठ.

"बघ," मी तिला कॅमेरा दाखवला. "किती सुंदर डोळा आहे तुझा."

तिने बघितलं. मग माझ्याकडे बघितलं, मोठी माणसं साध्या गोष्टीत चुकतात तेव्हा मुलं बघतात तसं.

"हा माझा नाही. हा आजोबांनी केलेला."

मी फोटो लहान केला. खरंच, डावा होता. शेजारी उजवा, मूळ डोळा, धुक्यात. पुढचा फोटो उघडला. त्यातही डावा लख्ख, उजवा धूसर. त्यापुढचा, त्यापुढचा. जवळच्या लेन्सला एवढ्या जवळून नखाएवढीच जागा स्पष्ट दिसते, एक डोळा धरला की दुसरा सुटतोच. आणि अडतीसच्या अडतीस वेळा मूळ डोळाच सुटला होता.

माझा हात हलला असेल, हे पहिल्यांदा मनात आलं. मग मी पडद्याकडे नीट बघितलं. हा कॅमेरा समोर चेहरा आला की स्वतःच डोळा शोधतो आणि त्यावर बारीकशी हिरवी चौकट ठेवतो. म्हणजे मी इथे धरलं आहे, तू बटण दाब. चौकट फौजदारच्या डाव्या डोळ्यावर होती. मी कॅमेरा हलवला. चौकट निघाली, भिरभिरली आणि परत डाव्यावर जाऊन बसली.

आठ वर्षं त्या खोलीत काढलेली मी आत्ताच फसले होते. हा पठ्ठ्या तर दहा दिवसांचा पाहुणा.

"आतोबा," मी हाक मारली. "जरा येता?"

ते हात पुसत आले. मी पडदा त्यांच्याकडे वळवला. त्यांनी चष्मा लावला.

"ही चौकट कसली?"

"कॅमेऱ्याला डोळा दिसला, की तो तिथे ठेवतो."

"कुणी सांगितलं त्याला तिथे ठेवायला?"

"कुणी नाही. त्याचं तो ठरवतो."

ते बघत राहिले. कोपऱ्यातलं यंत्र चालूच होतं. त्यांनी जाऊन ते बंद केलं, परत आले.

"पुन्हा कर."

मी कॅमेरा बाजूला नेला, भिंतीकडे वळवला, परत आणला. चौकट डावीकडे.

"याला कळलं नाही?" फौजदारने विचारलं. ती खुर्चीत ताठ बसली होती.

"नाही कळलं."

"अजिबात?"

मला खरं सांगायला हवं होतं. "आतोबा, हा जवळचा डोळा आधी धरतो. ती मान वळवून बसते, त्यामुळे डावा पुढे येतो. म्हणूनही असेल."

"मग सरळ बसव."

खुर्ची सरळ केली. फौजदारने हनुवटी समोर आणली आणि श्वास रोखून बसली. दोन्ही डोळे सारख्या अंतरावर. मी वीस वेळा कॅमेरा वळवला आणि परत आणला. आतोबा भिंतीवर खडूने रेघा मारत होते. चौदा वेळा डावा, सहा वेळा उजवा.

आतोबांनी खणातून एक डोळा काढला, काल संपवलेला, आणि तळहातावर ठेवून कॅमेऱ्यासमोर धरला. चौकट आली नाही. त्यांनी हात जवळ आणला, उजेडात धरला. काही नाही. चौकट त्यांच्या हातावरून सरळ उडी मारून त्यांच्याच चष्म्यामागे जाऊन बसली.

"हातात नाही धरत," ते हळू म्हणाले. "चेहऱ्यावर बसला की धरतो."

"हो."

ते फौजदारसमोर खाली बसले. त्यांचे गुडघे वाजले.

"एकतीस वर्षं लोक मला छान म्हणतात," ते तिला म्हणाले, जसं काही ती त्यांच्याच वयाची होती. "पण माणसाला भीड असते. याला भीड नाही. आणि हा काय म्हणाला बघितलंस? नुसता मी केलेला, तो याच्या लेखी डोळाच नाही. तो तुझ्याकडे आला, की मग होतो. अर्धा मी करतो. अर्धा तूच करतेस, बाई."

फौजदारने थोडा विचार केला.

"वर्गातल्या त्या मुलाला पण नाही कळणार, असा करा नवीन."

"करतो."

मग मी मेनूत शिरले. दहा मिनिटं धुंडाळल्यावर 'उजवा डोळा' असा एक पर्याय सापडला. तो लावला, आणि तिचा मूळ डोळा धरला. पडद्यावर ताटाएवढा केला तेव्हा आम्ही तिघंही पुढे वाकलो. तपकिरीत एक हिरवट पट्टा होता, बाहुलीच्या वर, गवताचं एकच पातं पाण्यात पडलेलं असावं तसा. मागच्या खेपेला हलत्या मुलीच्या डोळ्यात आतोबांना तो दिसला नव्हता. केलेल्या डोळ्यात तो नव्हता.

"हे होतं तर," आतोबा म्हणाले. "हे त्या मुलाला दिसत होतं."

शनिवारी त्यांनी कागद वाचला. सावकाश, बोट ठेवून. उजव्या रकान्यात सगळ्यांत खाली, धुळीच्या खाली, मी लिहिलं होतं: डोळा मूळ की केलेला, हे याला कळत नाही. दर वेळी स्वतः बघून चौकट हलवावी लागते.

तिथे त्यांचं बोट थांबलं. त्यांनी पेन्सिल उचलली. मला वाटलं खोडतील, किंवा बाण काढून डावीकडे नेतील.

"हे इथेच राहू दे," ते म्हणाले. "वाईट ते वाईटच. कामात याने घोळच होणार." पेन्सिल ठेवली. मग कागदावरून सपाट हात फिरवला.

नंतर त्यांनी खणातून काळी चिकटपट्टी काढली, कॅमेरा घेतला आणि लेन्स जिथे बसते त्या सांध्यावरून दोन घट्ट वेढे मारले.

"आतोबा, लेन्स बदलता येणं हीच तर त्याची खासियत."

"मग त्याला सांग, लग्न झालं."

दाराशी गुंडीला कडेवर घेऊन उभी असलेली आत्या म्हणाली, "दातवाल्याला काय कळवू?"

"जागा भरली म्हणावं." ते उठून खिडकीशी गेले. "आणि बरा माणूस आहे, चहाला ये म्हणावं."

अठरा दिवसांनी फौजदारचा नवा डोळा झाला. आतोबांनी तो बसवला आणि आरसा पुढे केला. तिने आरसा घेतला नाही.

"आधी तो भाचा आणा," ती म्हणाली.

गुंडीला मी झोळीत छातीशी बांधलं होतं, आत्या बाजारात गेली होती म्हणून. मेनूतला 'उजवा डोळा' काढून टाकला आणि कॅमेरा तिच्या पायांखाली, पोटाशी धरला. फौजदार सरळ बसली, मान न वळवता. तिचे वडील हत्यारांची पिशवी घेऊन दारात उभे. आतोबा नेहमीसारखे खिडकीकडे तोंड करून उभे होते, मग वळले आणि माझ्या खांद्याशी येऊन पडद्यात बघू लागले.

हिरवी चौकट उजव्या डोळ्यावर आली. तिथून डाव्यावर गेली. परत उजव्यावर. डाव्यावर. ती थांबेना.

"कुठाय?" ओठ न हलवता फौजदारने विचारलं.

"फिरतेय," मी म्हटलं.

मी बटण दाबलं नाही. आतोबांचा श्वास माझ्या कानाशी ऐकू येत होता. झोळीतून गुंडीने हात बाहेर काढला आणि पडद्यावरची ती चौकट पकडायला बोटं पुढे केली, एकदा इकडे, एकदा तिकडे.